वहिनींच्या मागून येणारा आवाज

गिरिजावहिनी बैठकीत बसायच्या तेव्हा भिंत त्यांच्या उजव्या हाताला होती की डाव्या, हे मला आता नक्की आठवत नाही. त्या खोलीत मी आयुष्यातल्या किती संध्याकाळी घालवल्या असतील! तरी डोळे मिटले की कधी भिंत इकडे दिसते, कधी तिकडे. जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाचं हे असं. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे त्यातलंही थोडं इकडचं तिकडे झालेलं असू शकेल. ज्यांना विचारून खात्री केली असती, ती माणसं आता राहिलेली नाहीत.

किस्से कापडाच्या दुकानातल्या तुकड्यांसारखे साठतात. मुद्दाम कुणी साठवत नाही. मीटर मारून झालं की उरलेलं कोपऱ्यात पडतं. कधीतरी कोपरा आवरायला घ्यावा, तर कळतं की हे सगळे तुकडे एकाच ताग्याचे आहेत.

आमचा अड्डा आष्टीत नागनाथआप्पांच्या घरी. आप्पांचं कापडाचं दुकान, घर दुकानाच्या मागेच. संध्याकाळी दुकानाची गिऱ्हाइकी ओसरली की मी, बिरूअण्णा आणि रज्जाकभाई असे तिघे तिथे जमायचो. बिरूअण्णांची मेंढरं होती, आवाज रानातला होता आणि तो त्यांनी घरात कधी कमी केला नाही. रज्जाकभाईंचं टीव्ही-टेपचं दुकान होतं. आणि मी कॉलेजातला, म्हणून 'सर'. गिरिजावहिनी आप्पांच्या पत्नी. कोपऱ्यातली भिंतीलगतची गादी त्यांची, वेताची खुर्ची आप्पांची. बाकी आमच्याही जागा ठरलेल्या होत्या.

*

वहिनींचे डोळे चांगले होते तेव्हाची गोष्ट. दर सोमवारी दोघं महादेवाच्या देवळात पायी जायचे. त्या काळी आष्टीत बायका नवऱ्याच्या चार पावलं मागून चालायच्या. वहिनी मात्र शेजारून चालायच्या, आणि नेहमी आप्पांच्या डाव्या अंगाला. आप्पांना त्याचा फार अभिमान. "वामांगी म्हणतात तिला, सर. शास्त्र हाय," असं ते मला ऐकवायचे.

एकदा समोरून उसाचा ट्रक आला. आप्पांनी वहिनींना हाताला धरून कडेला, म्हणजे आपल्या उजव्या बाजूला घेतलं. ट्रक गेला, दोघं तशीच पुढे चालत राहिली. आप्पा देवळापर्यंत बोलत होते. वहिनींनी हूं की चूं केलं नाही.

सकाळी वहिनींनी माहेरी दिंद्रुडला जायचा विषय काढला होता आणि आप्पांनी तो उडवून लावला होता. ती रुसली, असं त्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीत त्यांनी तिला स्वतः बसवून दिलं, वर माहेरच्यांसाठी लुगडी दिली.

आठवड्यानं वहिनी हसत परत आल्या. आप्पा आम्हाला म्हणाले, "तिलाच उमगंना मी का म्हून पाठवलं ते. म्हणती, मी कुठं रुसलेवते?"

*

पुढे वहिनींचे डोळे साखरेनं गेले. नगरला नेऊन आणलं, पुन्हा नेलं. उजेड आहे की अंधार, एवढं तेवढं उरलं. वहिनींनी रडारड केली नाही. ओट्यापासून बैठकीपर्यंतची वाट पायाला पाठ होती, आणि आमचा चहा त्या स्वतःच ट्रेमध्ये घेऊन यायच्या. कुणी मदतीला उठलं की म्हणायच्या, "बसा. डोळे गेलेत, घर न्हाई गेलं."

मला बिनसाखरेचा चहा लागतो. एकदा माझ्या जागेवरचा पंखा बंद पडला होता म्हणून मी समोर बिरूअण्णांच्या जागेवर बसलो आणि ते माझ्या. मी काहीतरी लांबण लावली होती. मला वाटतं पेपरातल्या परदेशी कंपन्यांबद्दल. मी समोरून बोलतच होतो, आणि वहिनींनी कप खिडकीशी, माझ्या नेहमीच्या जागी, नेऊन बिरूअण्णांपुढे धरला. "सर, तुमचा बिनसाखरेचा."

बिरूअण्णांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "वहिनी, मी काय पाप केलं?"

सगळे हसलो. वहिनीही हसल्या, पण पदर सारखा करत जरा उशिरा.

*

त्या दिवसांत घराघरात केबल आली होती. वहिनींना संध्याकाळच्या मालिकेचा नाद होता आणि डोळे गेल्यावरही तो सुटला नव्हता. एक दिवस त्या आप्पांना म्हणाल्या, "काय समजत न्हाई ओ आता. सगळी एकाच जागेवरून बोलत्यात. कोण कुठं उभं हाय, कोण कुणीकडून आलं, काईच समजत न्हाई."

हे वाक्य आप्पांनी आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. डोळे परत आणता येत नव्हते, हे त्यांना डॉक्टरांनी सांगून झालं होतं. पण हे काहीतरी आणता येण्यासारखं होतं. ते रज्जाकभाईंकडे वळून म्हणाले, "टीव्हीतली माणसं हिच्या भवती उभी करता येत्यात का? चार दिशांना? तेवढं करा बे, मग मी काईच मागत न्हाई."

रज्जाकभाई म्हणाले, "आता सगळं मिळतंय, आप्पा. नगरला जातो आणि आणतो."

*

नगरहून रज्जाकभाईंनी आधी पाच डब्यांचा होम थिएटर आणला, पसंतीला. चार डबे चार कोपऱ्यांत, एक टीव्हीखाली, शिवाय जमिनीवर ठेवायचा एक बोजड ठोकळा. आणि खोलीभर तारा.

नमुन्याची डिस्क लावली. हेलिकॉप्टर आलं. डोक्यावरून घरघरत मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. बिरूअण्णा उठून अंगणात गेले आणि आभाळाकडे बघत राहिले. आत येऊन म्हणाले, "इलेक्शन लागलं का काय? मंत्री उतरतोय कुठंतरी."

आप्पा वहिनींना विचारणार, तेवढ्यात वहिनी उठल्या. पायाला पाठ असलेल्या वाटेवर तार आडवी होती. पाय गुंतला. बिरूअण्णांनी धरलं म्हणून बरं, नाहीतर कपाळ उंबऱ्यावर आपटलं असतं.

वहिनी म्हणाल्या, "आपल्याच घरात तारेचं कुंपण घातलं व्हय?"

आप्पांनी तेव्हाच सगळे डबे बांधायला लावले. बिरूअण्णा तारा गुंडाळत म्हणाले, "डबे कशाला पायजेत म्हणतो मी. चार कोपऱ्यांत चौघं बसतोच की आमी. एकानं सासू व्हायचं, एकानं सून."

*

मग रज्जाकभाईंनी बातमी आणली की असा एकच लांब डबा निघाला आहे, टीव्हीखाली ठेवायचा. त्यात बारीक बारीक स्पीकरांची ओळ असते. तो आवाज भिंतींवर फेकतो, आवाज भिंतीवर आपटून वळतो आणि ऐकणाऱ्याच्या मागून येतो. मागे तार नाही, डबा नाही.

आप्पा माझ्याकडे वळले. "सर, हे खरं हाय का? असं होतं का?"

एवढ्या विश्वासानं कुणी काही विचारलं की मला घाम फुटतो. पुस्तकात असतं ते घरात तसं घडेलच, असं मी कधी छातीठोक सांगू शकलेलो नाही. त्या रात्री मी जुनी पुस्तकं उपसली. दुसऱ्या दिवशी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर खोली काढली, भिंती काढल्या, बाण काढले आणि मधोमध एक डोकं काढून त्याला दोन कान काढले. सांगितलं की आवाज एका कानाला कणभर आधी पोचतो, दुसऱ्याला कणभर नंतर. त्या फरकावरून आपल्याला दिशा कळते.

वहिनी भिंतीशी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. निदान थांबला असं मला वाटतं. हे मी मागाहून जोडलेलंही असेल. त्यांनी विचारलं, "आन् एकच आसंल तर?"

मी म्हणालो, "डबा एकच असला तरी चालतो, वहिनी. कान तेवढे दोन लागतात."

सगळे हसले. वहिनी म्हणाल्या, "तुमी लई शिकलेले, सर," आणि पुन्हा शेंगा फोडू लागल्या.

*

डबा आला. नगरच्या दुकानदारानं रज्जाकभाईंना बजावलं होतं की भिंती उघड्या हव्यात. कापड आवाज पिऊन टाकतं. आणि आप्पांची बैठक म्हणजे दुकानाचंच शेपूट! दारं-खिडक्यांना जड पडदे, भिंतींना चादरी, लोडांचे ढीग. सरलेल्या ताग्यांचा शेवटचा तुकडा घरात यायचा आणि कुठेतरी टांगला जायचा.

आप्पांनी एका दुपारी सगळं उतरवलं. पांढऱ्या भिंती पहिल्यांदाच दिसल्या. खोली एवढी मोठी आहे, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. बोललं की आवाज घुमत होता.

कापडवाल्याच्या घरात पडदे नाहीत, ही गोष्ट आष्टीत लपते थोडीच. चार दिवसांत उमापूरहून त्यांचे एक दूरचे नातेवाईक समाचाराला आले. ओसरीवर टोपी काढून बसले आणि हळूच म्हणाले, "आप्पा, धंद्यात वरखाली व्हायचंच. काई लागलं तर परकं समजू नका."

आप्पांनी त्यांना आत नेऊन डबा दाखवला. पाहुण्यांनी डब्याकडे पाहिलं, उघड्या भिंतींकडे पाहिलं आणि बाहेर येऊन मला बाजूला घेतलं. "सर, यांचं डोकं तर ठीक हाय ना?"

*

त्या डब्याची एक रीत होती. ऐकणाऱ्याच्या जागी, डोक्याच्या उंचीवर, एक छोटा माइक ठेवायचा आणि सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं. मग डबा एकटाच आवाज करून खोली मोजतो. आत कुणी असलं, कुणी हललं, की मोजणी फसते.

वहिनींच्या गादीवर उशा रचून त्यावर माइक ठेवला. पंखा बंद केला. आम्ही चौघं आणि वहिनी अंगणात जाऊन उभे राहिलो. आतून आधी फुसफुस आली, मग टकटक, मग लांब शीळ. कुणीतरी रिकाम्या खोलीत हाका मारत फिरावं तसं.

तेवढ्यात वीज गेली. लोडशेडिंगचे दिवस ते! वीज आली की पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा बाहेर, पुन्हा फुसफुस, टकटक. कधी कुत्रं भुंकायचं, कधी पुन्हा वीज जायची. आम्ही येरझाऱ्या घालून दमलो, पण आप्पा दमले नाहीत. वहिनी त्यांच्या डाव्या अंगाला उभ्या होत्या. त्यांनी हलकेच विचारलं, "कुणाला हुडकतंय ते?"

आप्पा म्हणाले, "तुला."

वहिनींनी पदर सारखा केला.

*

शेवटी एकदाची मोजणी पार पडली. रज्जाकभाईंनी पिक्चरची डिस्क लावली. त्यात एक बाई पैंजण वाजवत मागून येते, असा प्रसंग होता. आप्पा खुर्चीत टोकावर बसले होते. त्यांना टीव्ही दिसत नव्हता. ते वहिनींच्या तोंडाकडेच बघत होते.

पैंजण वाजले. आप्पा खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळले, खुर्ची नेहमीसारखी करकरली, आणि वहिनींनी मान किंचित मागे करून बोट दाखवलं. "आली बगा. मागून आली."

आप्पांनी उपरण्यात तोंड लपवलं. रज्जाकभाई उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मलाही गहिवरून आलं. शिवाय खरं सांगायचं तर हायसं वाटलं, की पुस्तक खोटं पडलं नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी हा सोहळा असायचा. "आता डावीकडनं बोलला." "आता मागं कुणीतरी दार लोटलं." वहिनी सांगायच्या आणि क्वचितच चुकायच्या. मला तर कितीदा मागचा आवाज आल्यासारखा वाटायचा आणि नंतर शंका यायची. मी ते माझ्या कानांच्या वयावर ढकलायचो. आप्पांचं समाधान एवढं, की दुकानात गिऱ्हाईक धोतरजोडी बघायला आलं तर आधी डब्याची गोष्ट ऐकून घ्यावी लागे.

*

एकदाच काय ती वहिनींनी जिद्द धरली. वेताची ती खुर्ची फार जुनी झाली होती. आप्पा जरा हलले की करकरायची. इकडे वळले की एक सूर, तिकडे वळले की दुसरा. आणि डबा आल्यापासून आप्पा एका जागी कुठले बसायला! आवाज जिकडून आला तिकडे आधी त्यांचीच मान वळायची. बिरूअण्णा एकदा वैतागून म्हणाले, "आप्पा, तुमच्या डब्यापरीस ही खुर्चीच जास्ती बोलतीय. एवढा भारी आवाज आणलाय, त्यात हिचं कुईकुई."

आप्पांनाही ते पटलं. खुर्ची नव्यानं विणून आणायची ठरली, टेम्पो दाराशी येऊन उभा राहिला. वहिनी उठून आल्या आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"खुर्ची कुठं न्यायची न्हाई."

"अगं, नव्या वेतानं विणून आणतो. करकर जाईल."

"करकर ऱ्हाऊ द्या. तुमी हायेत एवढं तरी कळतं."

टेम्पो रिकामा गेला. बिरूअण्णा मला डोळा मारून म्हणाले, "बगा सर, म्हातारपणी कशी पालवी फुटतीय."

*

वहिनी गेल्या त्या पुढच्या उन्हाळ्यात. चार दिवसांचा ताप, बाकी काही नाही. आप्पांच्या मळ्यात त्यांची समाधी बांधली. आम्ही बैठकीत जाऊन बसायचो, पण बोलायला काही नसायचं, आणि उघड्या भिंतींमुळे ते न बोलणंही मोठं वाटायचं.

महिनाभरानं आप्पा आपण होऊन म्हणाले, "लावा बे ती डिस्क." ते स्वतः वहिनींच्या गादीवर, भिंतीला खेटून बसले. वेताची खुर्ची रिकामी होती.

पैंजण वाजले. आप्पा थांबून राहिले. मग म्हणाले, "पुना लावा."

पुन्हा लावली. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. "मागून येत न्हाई, रज्जाकभाई. समोरनंच येतंय सगळं. थोडंसं फाकल्यागत वाटतंय, पण मागून न्हाई."

रज्जाकभाईंनी तारा तपासल्या. आम्ही पुन्हा अंगणात उभे राहिलो, डब्यानं पुन्हा रिकामी खोली मोजली. काही बिघडलेलं नव्हतं. रज्जाकभाई म्हणाले, जागा भिंतीच्या अगदी कडेला आहे म्हणून असेल. मी म्हणालो, असेल. पण ते काही खात्रीनं म्हणालो नाही.

आप्पांनी आमच्या दोघांचं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "डब्यात खोट न्हाई. माज्याच कानात खोट हाय. तिला बरोबर येत होतं. डोळे गेल्यावर कान तिखट होत्यात म्हणत्यात, ते खोटं न्हाई."

त्यानंतर ते रोज त्या गादीवर बसून डबा लावायचे. मी विचारायचो, "आलं का आज?" ते म्हणायचे, "आज उलीसं आल्यागत वाटलं."

ते गेले तेव्हाही पडदे लावलेले नव्हते.

*

आता शेवटचं. बिरूअण्णा गेले, रज्जाकभाई मुलाकडे औरंगाबादला राहायला गेले आणि तिकडेच वारले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका लग्नाला मी दिंद्रुडला गेलो होतो. मांडवात एक म्हातारी बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. गिरिजावहिनींची धाकटी बहीण, शांताबाई. आष्टीचे सर म्हटल्यावर त्यांनी मला ओळखलं. बोलता बोलता मी त्या डब्याची गोष्ट काढली. वहिनी कशा बोट दाखवून सांगायच्या, मागून आली, डावीकडून बोलला, आप्पा किती खूश व्हायचे, सगळं सांगितलं. सांगताना मलाच बरं वाटत होतं.

शांताबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अक्का सांगायची? कुणीकडनं आवाज आला ते?"

मी म्हणालो, "हो. कधी चुकायच्या नाहीत."

मांडवात वाजंत्री सुरू झाली म्हणून त्या माझ्या जवळ सरकल्या. "अक्काला बघायला आष्टीचे पाव्हणे आलते ना, तवा आईनं तिला भिंतीला खेटून बसवलीवती. म्हणाली, एक बाजू भिंतीला ठिव, म्हंजी त्या बाजूनं कुणी बोलणार न्हाई. आन् सासरी गेल्यावर बी अशीच बसत जा, आन् मरूस्तोवर कुणाला सांगू नगंस. नवऱ्याला बी न्हाई." त्या पुढे म्हणाल्या, "ल्हानपणी तापात गेलावता तिचा कान. त्या कानानं तिला कवाच काई ऐकू आलं न्हाई."

मी विचारलं, कोणता कान?

त्यांनी स्वतःच्या डाव्या कानाला हात लावून दाखवला. मला वेताच्या खुर्चीची करकर आठवली, इकडची एक आणि तिकडची एक.

म्हणजे भिंत वहिनींच्या डाव्या हाताला होती. एवढं आता नक्की झालं.